फुप्फुस प्रत्यारोपणाची विचारणा वेळेत व्हावी

महोदय,

१९९४ साली ३ ऑगस्टला दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये मेंदूमृत दात्याचे हृदय यशस्वीपणे बसवले गेले, म्हणून हा दिवस आता अवयवदान दिन म्हणून पाळला जातो. पुणेकरांना या तारखेची आणखी एक आठवण आहे: २००९ मध्ये याच दिवशी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तो आपल्या शहरात. विषाणूने निकामी केलेली फुप्फुसे आणि अवयवदान यांचा संबंध माझ्या घराला २०२१ साली कळला, पण फार उशिरा.

माझा धाकटा भाऊ करोनातून वाचला आणि ऑक्सिजनच्या यंत्रासह घरी आला. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या बारा पावलांत त्याच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९३ वरून ७८ वर उतरे आणि तो चौकट धरून उभा राही. फायब्रोसिसमुळे, म्हणजे आत व्रणासारखे तंतू तयार झाल्यामुळे, फुप्फुसे घट्ट झाल्याचे सीटी स्कॅनमध्ये दिसत होते; तरी ‘श्वासाचे व्यायाम करा, हळूहळू फरक पडेल’ यापलीकडे पाच महिने आम्हाला कोणी काही सांगितले नाही. प्रत्यारोपण हा शब्द कानावर पडला, तेव्हा त्याचे वजन १९ किलोंनी घटले होते, मांड्यांत बळ उरले नव्हते, आणि तो शस्त्रक्रिया सोसणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. त्यानंतर तो दीड महिना जगला.

घाई करू नये, हे मला मान्य आहे. व्हेंटिलेटरवर किंवा एक्मोवर (रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर) असलेल्या रुग्णाची फुप्फुसेही कित्येकदा सावरतात, म्हणून निदान चार ते सहा आठवडे थांबावे, इतर अवयव शाबूत असावेत आणि रुग्ण शक्यतो शुद्धीवर असावा, असे संकेत तज्ज्ञांनी २०२० मध्येच मांडले. त्याच वर्षी शिकागो आणि चेन्नई येथे करोनाग्रस्तांवर अशी प्रत्यारोपणे झाली. परंतु थांबण्याच्या या आठवड्यांतच प्रत्यारोपण केंद्राला कागदपत्रे पाठवता येतात आणि फिजिओथेरपी, आहार व वजन यांकडे त्याच हेतूने लक्ष देता येते. विचारणा केली म्हणजे शस्त्रक्रिया ठरली, असे नव्हे.

हा उपाय सोपाही नाही. आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, संसर्गाची धास्ती कायम असते, आणि दात्याची फुप्फुसे व्हेंटिलेटरवर असताना लवकर खराब होत असल्याने मूत्रपिंडांच्या मानाने ती फार कमी वेळा वापरता येतात. हे सारे ऐकून आम्ही कदाचित नकारही दिला असता. पण तो निर्णय माझ्या भावाचा असायला हवा होता.

पुण्यातील सर्व रुग्णालयांना माझी एकच विनंती आहे. फुप्फुसांच्या गंभीर आजारानंतर घरी ऑक्सिजन लागणार असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘प्रत्यारोपण केंद्राकडे विचारणा केली किंवा नाही, आणि नसल्यास का’ अशी एक ओळ असावी आणि ती नातेवाइकांना वाचून दाखवावी.

– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे