काका, त्या शिंपल्यांसाठी थँक्यू

प्रिय काका,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

मागच्या ऑक्टोबरमध्ये इथे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला आमच्या घरामागच्या चराची सफाई करायला मशीन आलं, गाळ आणि पाणवनस्पती काठावर टाकून गेलं, आणि तुम्ही सायकल थांबवून सरळ त्या चिखलात हात घातलात, मला वाटलं किल्ली वगैरे पडली असेल. तर तुम्ही तळहाताएवढा शिंपला बाहेर काढलात, जरासा उघडा होता, बोट लागल्याबरोबर चटकन मिटला. "जिवंत आहे, इथेच राहिला तर वाळून मरेल." मग तुम्ही, मी आणि माझी लेक, तिघं अंधार पडेपर्यंत वेचत होतो, बादली भरली, आणि एकेक करून अलगद पाण्यात सोडले.

मी कोकणातली, तिसऱ्या खात वाढलेली, पण शिंपल्याच्या पोटात माशाची पिल्लं वाढतात हे तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. बिटरफोर्न, जेमतेम ५ ते ८ सेंटीमीटरचा मासा, आणि विणीच्या दिवसांत मादीला लांब नळी फुटते, शिंपला ज्या भोकातून पाणी बाहेर सोडतो त्यात ती नळी घालून क्षणात दोनचार अंडी थेट त्याच्या कल्ल्यांत ठेवते. नर आपलं बीज पाणी आत जायच्या वाटेवर सोडतो, शिंपला श्वासाबरोबर ते ओढून घेतो!! पिल्लं साधारण महिनाभर आतच राहतात, सेंटीमीटरभर झाली की बाहेर पोहत येतात. लेक म्हणाली कोकिळेसारखंच की, तर तुम्ही तिला सांगितलंत की शिंपल्याचीही बारीक पिल्लं माशांच्या कल्ल्यांना नाहीतर परांना चिकटून काही आठवडे फिरतात, त्याशिवाय ती मोठी होत नाहीत. हे तिला इतकं आवडलं की घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आणि मग मे महिन्यातली ती सकाळ, पाणी स्वच्छ होतं, तुम्ही आम्हाला पोटावर झोपून बघायला लावलंत. तळाशी अर्धवट रुतलेला शिंपला आणि त्याच्यावर घिरट्या घालणारा नर, पोट गुलाबी, शेपटीकडे निळी-हिरवी रेघ, दुसरा नर जवळ आला की अंगावर धावून जायचा. मादीसमोर नुसता थरथरत होता. लेक श्वास रोखून वीस मिनिटं हलली नाही, एरवी ती दोन मिनिटं एका जागी बसत नाही हो. परक्या देशात तिला "आपला" म्हणावा असा एक चर मिळाला तो तुमच्यामुळे, हे मला तुम्हाला कधीचं सांगायचं होतं.

यंदाही मशीन येईलच, बादली आत्तापासून मागच्या दाराशी ठेवलीय. तुमचा गुडघा दुखतोय ना, तुम्ही काठावर खुर्ची टाकून बसा, वाकायचं आम्ही दोघी बघतो.