वानवडीच्या काकांना मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. समोर बोललं की तुम्ही "असू दे रे" म्हणत विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितोय.

मुलीला शाळेत लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांच्यावर बोलायचं होतं. मला माहीत काय, तर १९६५ चं पाकिस्तानशी युद्ध, पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट, परमवीर चक्र आणि ते आपल्या पुण्यातच सरदार दस्तूर शाळेत शिकले, बस्स. तुम्ही त्यांच्या हाताखाली नव्हता, पण सगळी नोकरी रणगाड्यांच्या वर्कशॉपमधे काढलीत आणि अजूनही "तारापोर साहेब" असंच म्हणता.

"जखमी होऊनही मागे गेले नाहीत" हे वाक्य आम्ही घडाघडा वाचून दाखवलं. तुम्ही वहीचा पुठ्ठा घेतलात, ब्लेडने त्यात बारीक फट पाडलीत आणि पोरीला म्हणालात, हा डोळ्यांसमोर धर नि जिना उतर. दोन पायऱ्यांतच तिने कठडा पकडला. मग सांगितलंत की झाकण बंद केलं की रणगाड्यातून असंच एवढंसं दिसतं, वर धुरळा आणि पाकिस्तानातल्या सियालकोटकडचे उसाचे फड, म्हणून कमांडर डोकं बाहेर काढून उभा राहतो, आणि अख्खी रेजिमेंट वायरलेसवर सीओ साहेबांचा, म्हणजे रेजिमेंटच्या प्रमुखाचा आवाज ऐकत असते, आणि तारापोर साहेबच सीओ होते, ऐन लढाईत तो आवाजच गेला तर पोरांनी कुणाकडे बघायचं? ११ सप्टेंबरला फिलोराच्या लढाईत साहेब जखमी झाले, तरी मागे न जाता तिथेच राहिले. १४ ला वझीरवाली, १६ ला जसोरन आणि बुतूर-डोग्रांडी, आणि तिथेच गेले. वय ४२. या सगळ्या लढायांत मिळून रेजिमेंटने शत्रूचे साठेक रणगाडे उडवले, आपले ९ गेले.

मला काही झालं तर इथे रणांगणावरच दहन करा आणि प्रार्थनेचं पुस्तक आईला द्या, असं साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, हे सांगताना तुमचा आवाज भरून आला, पोरीने ते बरोबर टिपलं. याच रेजिमेंटचे, पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल १९७१ मधे २१ व्या वर्षी गेले, तेही तिने तुमच्याकडूनच ऐकलं.

भाषणातून तिने "शूरवीर", "महान" वगैरे सगळं स्वतःहून काढलं आणि तो पुठ्ठा घेऊन स्टेजवर गेली. काका, हे मला शिकवता आलं नसतं, खरंच खूप आभार.

१६ सप्टेंबरला तिला कॅम्पातल्या वॉर मेमोरियलला जायचंय, तेही तुमच्याबरोबरच. गुडघ्यांचं कारण चालणार नाही, गाडी दारात आणतो.