एका दिवसात स्ग्राफितो होत नाही

मा. संपादक,
स.न.

‘स्वतःचा मग बनवा, त्यावर नक्षी कोरा आणि त्याच दिवशी घरी न्या’ अशा कार्यशाळांच्या जाहिराती हल्ली बऱ्याच दिसतात. लोक मातीकामाकडे वळताहेत, हे चांगलेच. पण या जाहिरातीत मातीला वाळायला वेळच ठेवलेला नसतो.

भांड्यावर वेगळ्या रंगाच्या पातळ मातीचा, म्हणजे स्लिपचा थर द्यायचा आणि तो खरवडून खालचा रंग रेषेतून उघडा करायचा, हे स्ग्राफितो. सोळाव्या शतकात इटलीतील बोलोन्या, फेरारा येथे लाल मातीवर पांढरी स्लिप देऊन अशी भांडी होत. त्यासाठी भांडे साबणाच्या वडीइतके घट्ट हवे: उचलल्यावर आकार बिघडू नये, पण नखाची खूण उमटावी. पुण्यात एप्रिलमध्ये ही अवस्था काही तासांत निघून जाते, काठ तर त्याआधीच वाळतो. जुलैत ती यायला दोन दिवसही लागतात. ओल्या भांड्यावर कोरले की रेषेच्या कडेला माती वर उचलली जाते आणि वाळलेल्यावर कोरले की स्लिपचे टवके उडतात.

स्लिप शक्यतो भांड्याच्याच मातीची करावी, म्हणजे दोन्ही सारख्याच आकसतात. माती फिकी असेल तर 100 ग्रॅम कोरड्या मातीत 8 ते 10 ग्रॅम रेड आयर्न ऑक्साइड (लोहाची तांबडी पूड) घालून 80 नंबरच्या जाळीतून गाळावी. दोन-तीन पातळ हात द्यावेत. आधीच्या हाताची ओली चमक गेल्याशिवाय पुढचा देऊ नये. कोरताना निघालेला चुरा बोटाने पुसू नये, रेषा भरतात. तो वाळू द्यावा आणि मऊ ब्रशने, मास्क लावून झाडावा. फुंकर तर नकोच. त्या धुळीत सिलिका असते.

पुढे आठवडाभर वाळवण, 950 ते 1000 अंशांवर पहिली भाजणी, पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, आणि दुसरी भाजणी. ग्लेझ जाड बसले तर दुधाळ होते आणि नक्षी झाकली जाते. एकूण दोन-तीन आठवडे सहज जातात.

संध्याकाळी हाती येणारा मग त्या दिवशीच घडवलेला असेल, तर तो न भाजलेला असतो. वरून ॲक्रिलिक रंग दिला तरी चहा ओतल्यावर माती विरघळणारच. म्हणून पैसे भरण्याआधी भांडे किती अंशांवर भाजणार, ग्लेझ शिसेमुक्त आहे का आणि ते कधी मिळणार, हे विचारून घ्यावे. आयोजकांनीही भांडे मिळण्याची तारीख जाहिरातीतच छापावी.

– मातीकाम शिकवणारे काही जण, पुणे