जोडतारे न ओळखता गुच्छाचं वय काढू नये

संपादक महोदय,

जुन्या तारकागुच्छांविषयी 'सगळे तारे एकदमच जन्मले, तेव्हा रंग-तेजस्विता आलेखातलं वळण पाहिलं की वय कळलं' असं सरसकट लिहिलं जातं. (वळण म्हणजे गाभ्यातलं इंधन संपत आलेले तारे मुख्य रांग सोडतात ती जागा; ती जितकी तेजस्वी, तितका गुच्छ तरुण.) ते अर्धंच खरं आहे. जोडतारे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, ते वळणही बिघडवतात आणि गुच्छाची वाटचालही बदलतात.

आधी वाटचालीचं. गुच्छाच्या गाभ्यातले वेगवान तारे ऊर्जा घेऊन बाहेर पडतात, तसा गाभा आकसतो आणि उरलेले तारे उलट आणखी जोरात धावू लागतात. हे आवरलं नाही तर गाभा कोसळतो. एम 15 या गुच्छाचा गाभा तसा कोसळलेला मानतात. आवर घालतात ते घट्ट जोडतारे. तिसरा तारा जवळून गेला की जोडी आणखी घट्ट होते आणि सुटलेली ऊर्जा तो तिसरा घेऊन जातो. सैल जोडी मात्र अशाच धक्क्यांनी फुटते. हा खगोलशास्त्रज्ञ डग्लस हेगी यांचा 1975 मधला नियम. पण घट्ट कशाला म्हणायचं? ताऱ्यांचे वेग सेकंदाला 10 किलोमीटरच्या आसपास असतील, तर सूर्याएवढ्या दोघांत साधारण 4-5 खगोलीय एककांहून (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) कमी अंतर हवं. एम 67 सारख्या संथ गुच्छात शेकडो एककांची जोडीही तग धरते.

आता आलेखाचं. दोन सारखे तारे एकच ठिपका दिसले की तो 0.75 प्रतीने (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचं माप), म्हणजे दुप्पट तेजस्वी भासतो. वळणापाशी असे ठिपके जमले की गुच्छ आहे त्याहून तरुण ठरतो. वळणाच्याही वर दिसणारे 'ब्लू स्ट्रॅगलर' (एम 3 या गुच्छात खगोलशास्त्रज्ञ सँडेज यांना 1953 मध्ये सापडले ते निळे, तरुण भासणारे तारे) तर वयाच्या हिशेबात धरूच नयेत. एनजीसी 188 या गुच्छातल्या अशा काही ताऱ्यांचे जोडीदार श्वेत बटू, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे, निघाले; म्हणजे त्यांचं तारुण्य जोडीदाराकडून ओढलेल्या वायूचं.

'गाया' या ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या अवकाशयानाच्या यादीतून आरयूडब्ल्यूई (मोजलेली स्थानं एकट्या ताऱ्याच्या हालचालीशी किती जुळत नाहीत ते सांगणारा आकडा) 1.4च्या वरचे तारे गाळले की काम झालं, हाही गैरसमजच. तो आकडा आकाशातल्या डुलण्यावरून ठरतो आणि सारख्या जोडीचा प्रकाशमध्य (दोघांच्या एकत्र प्रकाशाचा मध्यबिंदू) डुलतच नाही. नेमके 0.75 प्रतीवालेच सुटतात!

त्यांना वर्णपटानेच (त्यातून ताऱ्याचा आपल्याकडे येण्या-जाण्याचा वेग कळतो) पकडावं लागतं, तेही काही दिवसांच्या आणि काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा. दहा दिवसांत फेरी मारणाऱ्या जोडीतला सूर्याएवढा तारा सेकंदाला 60 किलोमीटरने फिरतो, तर एम 67 मधल्या ताऱ्यांचे आपसातले वेग एक किलोमीटरच्याही आत. एकदाच वेग मोजून त्यांचा पसारा काढला, तर अशा चार-दोन जोड्या गुच्छाचं वस्तुमान कित्येक पटींनी फुगवतात, कारण वस्तुमान त्या पसाऱ्याच्या वर्गावर अवलंबून असतं.

– एक वाचक