बुधवारच्या दोन तासांसाठी एक खोली

संपादक महोदय,

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त तुम्ही डॉक्टरांची मुलाखत छापता. सोबत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर असतो, लवकर निदान करा असा सल्ला असतो. मी ती कात्रणं जपून ठेवतो. पण निदान होऊन पंधरा वर्षं उलटली त्यांनी दिवस कसा काढायचा, हे त्यात कधी सापडत नाही, म्हणून हे पत्र.

मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, राहणार मिरज. मुलगा ३५ वर्षांचा आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला त्याला स्किझोफ्रेनियाने गाठलं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळतात, भास पुष्कळ कमी झालेत. पण सकाळी चहा, दुपारी झोप, संध्याकाळी गच्ची, एवढाच त्याचा दिवस. बरोबरीची पोरं लग्नं करून पुण्याला गेली.

दोन वर्षांपूर्वी इथल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेने दोघा-तिघांना हाताशी धरून छोटी संस्था काढली. दर बुधवारी ३ ते ५, अशी चौदा माणसं जमतात. चित्रं काढतात, भजनं म्हणतात. फी नाही, चहाचे दहा रुपये.

मिरजेत सतारी-तंबोरे बनतात. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. एखादा तडकलेला निघाला तर तो वाद्याच्या कामाचा राहत नाही. असे चार-पाच एका कारागिराने आम्हाला दिले. माझ्या मुलाने तीन बुधवार एका भोपळ्याला नुसता पॉलिश पेपर मारला. गोळ्यांमुळे त्याचा हात कापतो. ब्रश धरला की रेघ वाकडी जाते आणि तो चिडून उठतो. पॉलिश पेपरला कापरा हात चालतो. चौथ्या बुधवारी मात्र त्याने ब्रश घेतला आणि भोपळ्यावर लाल एसटी काढली. खिडक्या सगळ्या तिरक्या. दारात कंडक्टर, हातात तिकिटांचा ट्रे. ट्रे जाऊन मशीन आलं त्याला किती वर्षं झाली! पोराने लहानपणी पाहिलेलं ध्यानात ठेवलं होतं.

चित्रं काढून आजार बरा होतो, असं माझं म्हणणं नाही. गोळी चुकली की काय होतं ते आमच्या घराने दोनदा पाहिलंय. (आणि कुणी फ्लेक्स लावून या मुलांसोबत फोटो काढायला येणार असेल तर त्यांनी कृपया येऊ नये.)

आमचं अडलंय ते जागेवर. आजवर तीन जागा बदलल्या. एका हॉलवाल्याने लग्नाचं बुकिंग आहे म्हणून नकार दिला. पुढच्या बुधवारी जाऊन बघितलं तर हॉलला कुलूप. शेजारी दुसऱ्या जागेची चौकशी केली तेव्हा कळलं, 'तसली पोरं' आलेली त्यांना नको होती. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत मराठी नाटक उभं केलं, म्हणून आपण जिल्ह्याला नाट्यपंढरी म्हणवतो. त्या जिल्ह्यात चौदा माणसांना भजनाला बसायला जागा मिळू नये? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या १९व्या कलमात या रुग्णांना समाजात, समाजाचा भाग म्हणून राहण्याचा हक्क दिलाय. समाजात म्हणजे नेमकं कुठे बसायचं, एवढंच विचारतोय.

पट घटल्यामुळे कितीतरी शाळांच्या वर्गखोल्या रिकाम्या पडल्यात. महापालिकेने किंवा एखाद्या शिक्षण संस्थेने आठवड्यातून दोन तास एक खोली द्यावी. पंखा आणि नळ असला की पुरे. झाडलोट आम्ही करू, किल्ली पाच वाजता परत देऊ.

सध्या त्या कारागिराच्या माडीवर बसतो. तिथे सातच जण मावतात, म्हणून निम्मे-निम्मे केलेत. मुलाचा नंबर एक बुधवार सोडून एक लागतो. नंबर नसला तरी तो अडीच वाजता इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसतो.

– एक वाचक, मिरज

ता. क. – पत्र मुलाला वाचून दाखवलं. नाव छापू नका असं त्यानेच सांगितलं. भोपळ्याचं मात्र राहू दे म्हणाला.