सहाव्या महिन्यात बाळाला काय भरवायचं हे कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न.

गोव्यात बाळंतपणं जवळपास सगळी हॉस्पिटलातच होतात, लसींचं कार्ड घरोघरी जपून ठेवलेलं असतं, आणि तरीपण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्याकडच्या सहा महिने ते पाच वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांना ॲनिमिया निघाला. आधीच्या सर्वेक्षणापेक्षा आकडा वाढलाय. हे वाचून झोप उडायला हवी.

मला वाटतं घोळ सहाव्या महिन्यात होतो. लसी कधी असतात बघा: जन्मल्यावर, मग ६, १० आणि १४ आठवड्यांनी, आणि त्यानंतर थेट ९ महिन्यांनी. म्हणजे मधले पाचेक महिने बाळ ठणठणीत असेल तर आरोग्य केंद्रात जायचं कारणच नाही, आणि नेमका ह्याच काळात सगळ्यात मोठा बदल असतो. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा साधारण सहा महिन्यांत संपत येतो, आईच्या दुधात लोह अगदी थोडं, त्यामुळे दूध चालू ठेवायचंच पण लोह आता वरच्या अन्नातून यायला हवं. मेंदू झपाट्याने वाढतोय तो ह्याच दिवसांत.

आणि घरोघरी दिसतं काय, तर पेजेवरचं पाणी, चहात बुडवलेलं बिस्किट, नाहीतर पोदेराचा पाव दुधात कुस्करून. पोट भरतं, बाळ झोपतं, आजी खूश. पण बाळाचं पोट केवढंसं, ते पाण्यानेच भरलं तर बाकीचं जाणार कुठे? शिवाय चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य आहार म्हणून देणं तर लोहाच्या दृष्टीने वाईटच, आणि मध चाटवणं वर्षापर्यंत पूर्ण बंद हवं, त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे बाळाच्या जिवावर बेतू शकणारी विषबाधा, होऊ शकतो.

ह्यासाठी महागडे डबे नकोत. आपली तिझान, म्हणजे नाचणीची पेज, आहेच, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, फक्त ती चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट करा आणि वर्षापर्यंत साखरमीठ घालू नका. पण नुसत्या नाचणीवर लोहाचं भागत नाही. उकड्या तांदळाचा मऊ भात, त्यात शिजवून घोटलेले आळसांदे (चवळीसारखं कडधान्य), तांबडी भाजी, वर थोडं लिंबू पिळा, कारण व्हिटॅमिन सी असलं की भाजी-कडधान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. आणि मासे खाणाऱ्या घरांत बाळाला मासे मात्र वर्षानंतर, हा हट्ट कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात सहा महिन्यांपासून मासे, अंडं, मटण असं काहीतरी रोज द्या असंच म्हटलंय. बांगडा नीट शिजवून, बारीकसारीक काटासुद्धा राहणार नाही असा बघून, बिनतिखटाचा कुस्करून द्या.

ॲनिमिया मुक्त भारत योजनेत सहाव्या महिन्यापासून लोहाचं सिरप आहे, आठवड्यातून दोनदा १ मिली. कितीतरी घरांत हे माहीतच नसतं, आणि जिथे सुरू करतात तिथे शी काळी झाली की घाबरून बंद करतात. शी काळी होणं हे त्या औषधाने होतंच, काळजीचं नाही, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं तरी पुष्कळ मुलं औषध घेत राहतील.

म्हणून आरोग्य खातं आणि महिला व बालविकास खातं दोघांना माझी कळकळीची विनंती आहे. साडेपाच महिने झालेल्या प्रत्येक बाळाच्या घरी आरोग्य केंद्रातून फोन जाऊदे. अंगणवाडीत उष्टावणाचा कार्यक्रम होतो तिथे फोटो झाल्यावर घट्ट तिझान प्रत्यक्ष करून दाखवा, सिरपची बाटली त्याच दिवशी हातात द्या. आणि तो दिवस रविवारी ठेवा, कारण आई नोकरीला गेल्यावर बाळाला भरवणारी आजी नाहीतर सांभाळणारी बाई असते, आणि आईबरोबर तीसुद्धा तिथे यायला हवी.

आपली,
एक वाचक, डिचोली