टॉर्चची चकाकी आणि पॉलिशवाल्याच्या नाकातोंडातली धूळ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, काम केलेला टर्नर असून सध्या गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे पितळेचे आणि तांब्याचे टॉर्च एकेक करून घडवून देतो. गडकिल्ले हिंडणारी तरुण मुले, शेतीची वीज रात्री येत असल्याने अपरात्री पिकाला पाणी पाजायला जाणारे शेतकरी आणि निव्वळ हौसेने घेणारे नोकरदार अशा तिन्ही प्रकारच्या लोकांकडून या टॉर्चना मागणी येते आणि वस्तू हातात घेताच तिघेही आधी बोलतात ते तिच्या चकाकीबद्दल. ती चकाकी ज्याच्या हातून येते, त्या पॉलिशवाल्याविषयी मात्र कोणी चौकशी करत नाही. त्याच्याविषयी लिहावे, म्हणून हे पत्र.

एक टॉर्च घडवायचा म्हणजे पंचवीस-सव्वीस मिलिमीटर जाडीचा भरीव रॉड चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरायचा, त्याला आरपार ड्रिल मारायचे आणि मग बोअरिंग बारने, म्हणजे भोकात आत जाऊन कापणाऱ्या दांड्याने, आतली भिंत सारखी करायची. १८६५० या नावाने ओळखला जाणारा लिथियम सेल १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असल्याने एवढ्या खोल, अरुंद नळीत बार थरथरू न देता काम करणे हीच टर्नरची परीक्षा असते. पितळ कापणाऱ्या टूलखाली सरळ तुटते. तांबे चिकट असल्याने टूलला धरून बसते आणि पृष्ठभाग ओरबाडतो, पण उष्णता वाहून नेण्याची त्याची ताकद पितळाच्या तिपटीहून अधिक असल्यामुळे एलईडीची उष्णता झटपट बाहेर काढायची असेल तर तांब्याला तोड नाही. टायटॅनियमचे याच्या नेमके उलट आहे. दिसायला देखणे, वजनाला हलके, परंतु उष्णता टॉर्चच्या डोक्यातच कोंडून ठेवणारे. या सगळ्याचे कौतुक टर्नरच्या वाट्याला येते आणि ते रास्तही आहे. मात्र लेथवरून उतरलेला टॉर्च कितीही सफाईदार असला तरी त्याच्या अंगावर टूलच्या बारीक रेघा असतात आणि खरे सांगायचे तर तो तोवर अर्धाच झालेला असतो.

पुढचे काम ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना ते केवळ घासण्याचे वाटते. प्रत्यक्षात २२० नंबरच्या जाड्याभरड्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून ४००, ६००, ८०० असे करत १२०० किंवा २००० च्या बारीक पेपरपर्यंत जावे लागते आणि प्रत्येक नवा पेपर आधीच्या पेपरच्या आडव्या दिशेने फिरवावा लागतो, कारण आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही हे त्याशिवाय कळतच नाही. मधला एखादा नंबर गाळला तर बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर, कितीही वेळ घालवा, दिव्याखाली तिरपे धरले की खोल रेघ डोळ्यांत भरते. त्यानंतर मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेणाऱ्या बफवर आधी ब्राउन सोप आणि मग बारीक सोप (सोप म्हणजे पॉलिशच्या मसाल्याची वडी) लावून टॉर्च धरायचा असतो, तोही चाकाच्या मध्यरेषेच्या खाली. वरच्या कडेला धरला तर चाक तो हातातून हिसकावून घेते आणि अंगावर फेकते. हातमोजा चाकात ओढला जाऊन बोटे जाण्याची भीती असल्याने जाणते कारागीर उघड्या हाताने काम करतात आणि तापलेल्या धातूचे चटके सोसतात.

त्यातही कुठे हात थांबवायचा, हे कळणे सर्वांत अवघड आहे. नर्लिंगवर, म्हणजे पकडीसाठी उठवलेल्या खरबरीत नक्षीवर, बफ जास्त टेकला की त्याची टोके झिजतात आणि ओल्या हातातून टॉर्च निसटू लागतो. कोपरे गोलावले की टर्नरने काढलेला आकारच मरतो. बटणाच्या भोकाजवळ धातूला शेपटीसारखे ओघळ येतात. आट्यांना आणि पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, म्हणजे ओ-रिंगच्या, खाचेला तर बफ लागूच द्यायचा नसतो, नाहीतर पाणी आत शिरायला वाट मिळते. बहुतेक धातूच्या टॉर्चमध्ये नळी हीच ऋण टोकाची तार असते, त्यामुळे शेपटाकडच्या कडेवर सोपचा पातळसा थर जरी राहिला तरी प्रकाश लुकलुकतो आणि गिऱ्हाईक सेलला किंवा सर्किटला दोष देत बसते. एलईडीची तांब्याची चकती ज्या बैठकीवर टेकते ती बैठक चकचकीत असण्यापेक्षा सपाट असणे महत्त्वाचे असते. जाड काचेवर पेपर पसरून त्यावर ती हलक्या हाताने फिरवावी लागते आणि हे कामही पुष्कळदा पॉलिशवाल्याकडेच येते. एवढी समज ज्याच्या बोटांत आहे, त्याला आपण नगावर पैसे देऊन मोकळे होतो. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे तांब्या-पितळेवर हातोडीने ठोके उठवण्याचे काम, करणाऱ्याला आपण कारागीर म्हणतो. बफवर उभ्या असलेल्या माणसाला तो मान का मिळू नये, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

मानाहूनही निकडीचा प्रश्न धुळीचा आहे. लेथवर सहज कापले जावे म्हणून फ्री कटिंग पितळेत साधारण तीन टक्क्यांपर्यंत शिसे घातलेले असते. पेपर आणि बफ मारताना त्याचा बारीक भुगा सोप आणि कापडाच्या तंतूंबरोबर हवेत उडतो, केसांत बसतो, डब्यातील भाकरीवर उतरतो. नाकाला बांधलेल्या रुमालाने तो थांबत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने शिशाच्या विषबाधेला नोंदणी सक्तीच्या रोगांत पहिले स्थान दिले होते, परंतु दोन-तीन माणसांच्या शेडपर्यंत असा कायदा कधी पोहोचतच नाही, कारण तेवढ्या कामगारसंख्येला तो लागूच होत नाही. ॲल्युमिनियमची धूळ तर पेट घेते आणि हवेत साचली असेल तर तिचा स्फोटही होतो. तरीही ज्या कोपऱ्यात ॲल्युमिनियम पॉलिश होते त्याच कोपऱ्यात ग्राइंडरवर लोखंडाच्या ठिणग्या उडताना मी पाहिल्या आहेत.

यावर उपाय खर्चाचे नाहीत. बफच्या मागे धूळ ओढून घेणारा पंखा आणि पिशवी बसवणे, करोनाच्या काळात सर्वांना माहीत झालेला एन-९५ मास्क वापरणे, जेवणापूर्वी साबणाने हात-तोंड धुण्याची सोय करणे आणि वर्षातून एकदा रक्तातील शिशाची तपासणी करून घेणे, एवढे तरी काम देणाऱ्याने केलेच पाहिजे, आणि काम देणारा म्हणून मी स्वतःलाही यात धरतो. या तपासणीचा खर्च पॉलिशच्या दरात मिळवावा आणि तो दर गिऱ्हाइकाला वेगळा दाखवावा, असे माझे मत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये टर्नरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. त्यात मुलांकडून एखादा पूर्ण टॉर्च करून घेतला तर बोअरिंग, आटे, नर्लिंग आणि पॉलिश ही सारी कामे एकाच वस्तूत शिकवता येतील आणि धुळीपासून जपण्याची सवय उमेदवारीतच लागेल.

गिऱ्हाइकांनाही एक विनंती आहे. आरशासारखी चकाकी हवीच असेल तर जरूर मागावी, पण हाताने लांबीच्या दिशेने घासलेला मंद पोत रोजच्या वापरात ओरखडे लपवतो आणि त्यासाठी बफची गरजच पडत नाही. पितळ काळवंडले म्हणून टॉर्च परत पॉलिशला पाठवू नये. सेल काढून, नळीची दोन्ही तोंडे बंद ठेवून चिंचेच्या कोळाने किंवा पितांबरीने घासावा, ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा आणि आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावावे.

आपल्या वृत्तपत्रातून अशा हस्तकलेची ओळख करून दिली जाईल, तेव्हा लेथपाशी उभ्या असलेल्या माणसाबरोबर बफपाशी उभ्या असलेल्या माणसाचेही, त्याची संमती घेऊन, नाव छापावे आणि त्याच्या शेडमध्ये धूळ ओढणारा पंखा आहे की नाही हे आपल्या प्रतिनिधीने आवर्जून विचारावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक टर्नर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर